मनसरच्या विटा, एफेससचा संगमरवर

तुर्कस्तानच्या सहलींच्या जाहिराती गेली काही वर्षे ठरावीक साच्यातल्या असत : इस्तंबूल, कापादोकियातले बलून, पामुक्कालेची पांढरी कुंडे आणि एजियन समुद्राकाठचे एफेसस. २०२५च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि अनेक भारतीय पर्यटन कंपन्यांनी त्या सहली गुंडाळल्या. ते योग्य की अयोग्य, हा इथला विषय नाही. त्या निमित्ताने एक प्रश्न मात्र विचारून घ्यावा असा आहे. नागपूरचा माणूस लाखाच्या वर खर्च करून, विमाने बदलत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पडक्या शहरात भर उन्हात हिंडायला तयार होतो. तोच माणूस जबलपूर महामार्गावरून जाताना मनसरच्या टेकडीकडे मान वळवूनही पाहत नाही. ही टेकडी नागपूरपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. तिकडे पाहण्यासारखे आहे, इकडे काय आहे, असे उत्तर यावर तयार असते. ते उत्तर मला पटत नाही. एजियन किनाऱ्यावरचे अवशेष आयते पाहण्यासारखे मिळालेले नाहीत. शे-दीडशे वर्षे खपून ते तसे करण्यात आले आहेत. नागपूरच्या आसपास खणण्याचे काम झाले, ओळख पटवण्याचे झाले, लिहिण्याचेही बरेच झाले. राहिले ते दाखवण्याचे काम.

एफेससचेच पाहू. जॉन टर्टल वुड हा इंग्रज १८६३मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या पैशावर तिथे आर्टेमिसचे देऊळ शोधू लागला, तेव्हा प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत गणलेली ती वास्तू नेमकी कुठे होती हेच कुणाला ठाऊक नव्हते. १८६९च्या अगदी अखेरच्या दिवशी त्याला देवळाची फरसबंदी लागली, तीही कित्येक मीटर गाळाखाली. ज्या नदीच्या मुखाशी हे शहर वसले, त्याच नदीने बंदर गाळाने बुजवले, समुद्र मागे सरकला आणि शहर ओस पडले. आज त्या देवळाच्या जागी पाणथळ जमिनीत एक खांब उभा आहे आणि तोसुद्धा निरनिराळे सापडलेले तुकडे एकावर एक चढवून उभारलेला. एफेससचे जे चित्र सगळ्या जाहिरातींत असते ते सेल्ससच्या ग्रंथालयाचे. रोमन राज्यपाल सेल्सस याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी ते बांधले आणि बापाची शवपेटी ग्रंथालयाच्याच पोटात ठेवली. मध्ययुगात भूकंपाने त्याची दर्शनी भिंत कोसळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियन संशोधकांनी तो ढिगारा उपसला, आणि भिंत पुन्हा उभी राहिली ती १९७० ते १९७८ या काळात. म्हणजे जी गोष्ट ‘दोन हजार वर्षांपूर्वीची’ म्हणून छायाचित्रात पकडली जाते, ती उभी राहिली तेव्हा आपल्याकडे ‘शोले’ लागून गेला होता. त्या भिंतीच्या कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत. मूळ मूर्ती व्हिएन्नात आहेत. मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा थोडे उंच ठेवल्यामुळे इमारत आहे त्याहून रुंद भासते, ही युक्ती रोमन कारागिरांची. पण ती आपल्याला दिसते, कारण कुणीतरी प्रत्येक तुकड्याची मूळ जागा शोधून काढली आणि खाली फलक लावून ती समजावून सांगितली.

आता मनसर. बहुतेक नागपूरकरांना हे गाव मँगनीजच्या खाणींमुळे आणि रामटेकला वळण्याचा फाटा म्हणून माहीत असते. गावाजवळच्या तलावाच्या काठी एक टेकाड आहे, लोक त्याला हिडिंबा टेकडी म्हणतात. तिथे १९७२मध्ये लाल वालुकाश्माची शिवाची एक बैठी मूर्ती सापडली : भरघोस जटाभार, गुटगुटीत अंग, चेहऱ्यावर मंद हसू. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पंधराशे वर्षांपूर्वीच्या वाकाटक राजघराण्याच्या काळातल्या शिल्पकलेचा उत्तम नमुना म्हणून ठेवलेली आहे. १९९७-९८पासून पुढे जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली टेकडी पद्धतशीर खणली गेली, आणि मातीखालून विटांची एक प्रचंड वास्तू बाहेर आली : एकावर एक चढत जाणारे चौथरे, भिंतींना अर्धस्तंभ, त्यांमध्ये कोनाडे, वळसे घेत जाणारे मार्ग. टेकडीच्या खालच्या बाजूला राजवाड्यासारखे आणखी एक मोठे बांधकाम निघाले. वरच्या वास्तूच्या पोटात चुन्यात घडवलेली, माणसापेक्षा मोठी, आडवी निजलेली मानवाकृती मिळाली. उत्खनन करणाऱ्यांनी तिचा संबंध प्रतीकात्मक पुरुषमेधाशी जोडला. एका मातीच्या ठशावर ‘प्रवरेश्वरस्य’ अशी अक्षरे मिळाली. नेदरलँड्समधले अभ्यासक हान्स बकर यांनी या सगळ्याची सांगड ताम्रपटांशी घालून मांडले की हे प्रवरेश्वराचे देऊळ, आणि खालचे नगर म्हणजे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर. हा प्रवरसेन काही ऐरागैरा राजा नव्हता. रामाच्या सेतूवरचे ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य परंपरेने त्याच्या नावावर आहे, आणि ते महाराष्ट्री प्राकृतात आहे.

इथे जाणकार वाचक अडवेल, आणि अडवावेच : प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी सांगितले होते. खरे आहे. नागपूरच्या मिराशींनी वाकाटकांचे सगळे लेख एकत्र करून १९६३मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यावाचून या विषयात कुणाचेच पान हलत नाही. पवनारला विनोबांच्या आश्रमाच्या जागेत खणताना राम-भरत भेटीसारखी सुंदर शिल्पे निघाली होती, तेव्हा तिथेच राजधानी असावी हा त्यांचा तर्क त्या वेळच्या पुराव्याला धरूनच होता. नंतर मनसरचा पुरावा पुढे आला आणि बऱ्याच अभ्यासकांचे मत बदलले. एखाद्या जागेची ओळख अशी पुढेमागे सरकणे हा तिचा कमीपणा मानू नये. उलट, विटांच्या ढिगापुढे उभ्या असलेल्या माणसाला सांगण्याजोगी याहून चांगली गोष्ट कोणती? एक मोठा पंडित ताम्रपट वाचून राजधानी शोधतो, तीस-चाळीस वर्षांनी कुदळ वेगळीच जागा दाखवते, आणि साक्षीला मातीचा एक ठसा उभा राहतो. अशी गोष्ट ऐकल्यावर त्याच विटा वेगळ्या दिसू लागतात.

मनसरहून रामटेक सहा-सात किलोमीटर, आणि रामटेकहून नगरधन तितकेच. नगरधनचा भोसलेकालीन किल्ला हिवाळ्यात सहलीला जाणारे पाहतात. किल्ल्याभोवतीच्या शेतांखाली वाकाटकांची आधीची राजधानी नंदिवर्धन आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने २०१५ ते २०१८ या काळात तिथे उत्खनन केले. तेव्हा एक लंबगोल मातीचा ठसा मिळाला : लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन साडेसहा ग्रॅमांच्याही आत, वर शंखाची आकृती आणि ब्राह्मी लिपीत नाव – प्रभावतीगुप्ता. चंद्रगुप्त विक्रमादित्याची ही मुलगी वाकाटक घराण्यात सून म्हणून आली, नवरा रुद्रसेन लवकर गेला आणि मुले लहान असल्याने तिने अनेक वर्षे राज्य चालवले. भारताच्या इतिहासात स्वतःच्या नावाने ताम्रपट देणाऱ्या राण्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतली एक आपल्या जिल्ह्यात राज्य करत होती. तिच्या एका ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींच्या पायाशी बसून दान दिल्याचा उल्लेख आहे. रामटेकच्या डोंगरावर केवल-नरसिंहाच्या देवळात भिंतीवरचा शिलालेख १९८०च्या दशकात लेप काढल्यावर उजेडात आला, तोही याच राणीच्या घरातला. रोज शेकडो भाविक त्या देवळाच्या अंगाने रामाच्या दर्शनाला वर चढतात. नरसिंहाला हात जोडतात, पुढे जातात. पंधराशे वर्षांपूर्वीचे राजघराणे त्यांच्या खांद्याशी उभे असते आणि ते कळायला काही साधन नसते.

यावर पहिला आक्षेप बांधकामाच्या मालाचा येतो. तिकडे संगमरवर आहे, खांब आहेत, प्रेक्षागार आहे. इकडे विटा आणि माती. आक्षेपात तथ्य आहे. विटांची वास्तू संगमरवरासारखी तुकडे जोडून उभी करता येत नाही. नव्या विटांनी ‘पूर्ववत’ करायला गेलो तर ती नवीच वास्तू होते. पण मग एजियन किनाऱ्यावरच्या दुसऱ्या नामांकित जागेचे काय करायचे? एफेससपासून उत्तरेला दिवसभराच्या प्रवासावर ट्रॉय आहे. ट्रॉयमध्ये डोळे दिपवणारे जवळजवळ काही नाही. हिसार्लिक नावाचे एक टेकाड, त्यात एकावर एक साचलेल्या नऊ वस्त्या, उतरते दगडी तट, मातीच्या विटांच्या बुटक्या भिंती. त्यातही श्लीमन या उत्खननकर्त्याने १८७१ ते १८७३मध्ये होमरचे ट्रॉय गाठायच्या घाईत टेकाडाला जो उभा छेद मारला, त्यात वरच्या थरांबरोबर त्याला हवा असलेला थरही बराचसा वाहून गेला. आपल्याकडच्या ‘पांढरी’, म्हणजे जुन्या वस्त्यांची टेकाडे, विहिरीच्या कामात नाहीतर शेत सपाट करताना जशा कापल्या जातात, तशीच ही गत. तरी ट्रॉयला लोक जातात. १९८८पासून जर्मन संशोधक मानफ्रेड कोर्फमान यांनी तिथे पुन्हा काम सुरू केले. दुसऱ्या थरातल्या मातीच्या विटांवर त्यांच्या चमूने शिडाच्या आकाराचे छत घातले आणि त्याची उंची अशी ठेवली की श्लीमनने खणण्यापूर्वी टेकाड किती उंच होते हे पाहणाऱ्याला छताकडे बघूनच कळावे. १९९८मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव आले, २०१८मध्ये शेजारच्या गावात संग्रहालय उघडले. माल मातीचाच होता.

ट्रॉयला होमर आहे, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे कालिदास आहे. ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर शिक्षा भोगत बसला तो रामटेकचा डोंगर, हे मिराशींनी मांडले आणि मराठी वाचकाने मनापासून स्वीकारले. काही अभ्यासक तो मान छत्तीसगडमधल्या रामगढला देतात, हेही सांगून टाकले पाहिजे. पण हिसार्लिकच होमरचे ट्रॉय का, यावरही दीड शतक वाद झाले आहेत आणि त्या वादांनी ट्रॉयचे नुकसान झालेले नाही. शिवाय प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटातला रामगिरी हा भक्कम ऐतिहासिक धागा रामटेकच्या बाजूने आहे. रामटेकला कालिदासाचे स्मारक आहे, १९९७पासून त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. कमी पडते ते एवढेच, की काव्य स्मारकात ठेवले गेले आणि पुरावा टेकडीवर राहिला. दोन्ही एकत्र बघायला मिळत नाहीत.

दुसरा आक्षेप अवघड आहे आणि तो दबक्या आवाजात घेतला जातो : मनसर नेमके कुणाचे? ते उत्खनन भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने, बोधिसत्त्व नागार्जुनाच्या नावाने स्थापन झालेल्या नागपूरच्या संस्थेमार्फत झाले. नागार्जुन या भागात राहिला या श्रद्धेतून. ज्या शहराने १९५६ची बौद्ध धम्मदीक्षा पाहिली, तिथे या श्रद्धेचे वजन मोठे आहे. बकर आणि इतर अभ्यासक वरच्या वास्तूला शैव देऊळ म्हणतात. मग वाद. माझे मत असे की या वादाला घाबरून गप्प बसणे हेच सर्वांत मोठे नुकसान आहे. बौद्धांच्या आस्थेने कुदळ चालली नसती तर प्रवरेश्वराचे देऊळ आजही झाडोऱ्याखाली असते, एवढे श्रेय स्पष्ट शब्दांत दिले पाहिजे. आणि सापडलेला वाकाटक पुरावाही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. एफेससकडे पाहा. आर्टेमिसचे देऊळ, संत पॉल जिथे बोलला ते शहर, ख्रिस्ती धर्मसभा जिथे इसवी सन ४३१मध्ये भरली ती जागा, जस्टिनियनने बांधलेले संत योहानचे चर्च, आणि १३७५ची ईसा बे मशीद – हे सगळे थोड्याशा अंतरात आहे. प्रवासी एकाच दिवसात तीन धर्मांच्या खुणा बघतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. मनसरच्या फलकावर दोन मते शेजारी शेजारी लिहायला कोणती कायद्याची आडकाठी आहे?

एजियन किनाऱ्यावरच्या प्रवासाची खरी मजा एका जागेत नसते. ट्रॉय, पेर्गामोन, एफेसस, प्रिएने, मिलेटस, डिडिमा अशी ठिकाणे एका सुतात येतात आणि त्यांतून हजारो वर्षे उलगडत जातात. नागपूरच्या भोवतीही असे सूत आहे. आपण ते ओवलेले नाही. काटोल रस्त्याला शहराबाहेर जुनापाणी आहे : काळ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे, माळावर इतस्ततः. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, काही दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांची तुलना युरोपातल्या खुणांशी केली. ही वर्तुळे म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण १००० ते ३०० या काळातल्या लोकांची दफनस्थाने. याच लोकांनी माहुरझरीला घोड्याला तांब्याचे दागिने घालून पुरले, नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी पेटवली. डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव आणि नागपूर विद्यापीठ यांच्या कामातून ही माहिती पुढे आली. काळ जुळवून बघा : मिलेटसमध्ये थेल्स जगाचे मूळ पाण्यात शोधत होता, त्या सुमारास जुनापाणीच्या माळावर दगडांची वर्तुळे रचली जात होती. पुढचा टप्पा वैनगंगेकाठच्या पवनीचा. मातीचा जुना तट आणि खंदक आजही ओळखू येतो. १९६९-७०च्या उत्खननात तिथले स्तूप उघडे झाले. त्यांतल्या मोठ्याचा व्यास चाळीस मीटरच्या घरात, म्हणजे सांचीच्या मुख्य स्तूपाहून जास्त. सांचीला जाणारे किती नागपूरकर पवनीला थांबले असतील? त्यानंतर नगरधन आणि मनसर, तिथून रामटेक, जिथे वाकाटकांच्या शेजारी यादवकाळातला शिलालेख आहे आणि भोसल्यांनी बांधलेला गड आहे. एफेससला धर्मसभा भरली तेव्हा मनसरला प्रवरसेनाचे राज्य होते. दोन्हीकडचे लोक एकमेकांना अगदीच अनोळखीही नव्हते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती निघाली. तो ग्रीकांचा समुद्रदेव आज कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावे खांबांवर कोरलेली आहेत.

आणखी एक आक्षेप समुद्राचा. लोक तिकडे केवळ भग्नावशेष पाहायला जात नाहीत. निळे पाणी, मासळी, बंदरावरची संध्याकाळ यासाठी जातात, आणि वाटेत एफेसस पदरात पाडून घेतात. हे मान्य. पण हाच हिशेब इकडे आपल्या बाजूने आहे. रामटेकला जाणाऱ्याला देवदर्शन हवे असते, खिंडसी तलावावर बसायचे असते, अंबाळ्याला श्राद्ध असते, कार्तिकात यात्रा असते. माणसे आधीच तिथे आहेत. कुणाला लांबून ओढून आणायचे नाही. इतवारीहून रामटेकला रेल्वेचा फाटा जातो, एसटीही आहे. मनसरचा फाटा ज्या महामार्गावर आहे त्यावरून रोज हजारो गाड्या धावतात. जे लोक इतक्या जवळून जात आहेत, त्यांना थांबवण्यासाठी काय लागते, एवढाच प्रश्न उरतो.

काय लागते, ते आज ज्या प्रकारे दाखवले जाते त्यावरूनच समजते. केंद्राच्या संरक्षित स्थळापाशी निळा फलक असतो. त्यावर १९५८च्या कायद्याचा हवाला, हे राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक आहे असे विधान, आणि नुकसान करणाऱ्याला किती कैद व किती दंड हे लिहिलेले असते. शिक्षा ठळक, आणि स्मारक म्हणजे काय हे बहुधा गुलदस्त्यात. जुनापाणीच्या माळावर उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलाला दंडाची रक्कम कळून काय उपयोग? त्याला कळायला हवे की हा गोल एका थडग्याचा काठ आहे, आत लोखंडी हत्यारे आणि कदाचित घोडा असू शकतो, आणि दगडावरचे हे खळगे पावसाने पडलेले नसून माणसाने कोरलेले आहेत. एका चित्राने हे काम होते : वर्तुळाचा छेद, आतली माती, वर रचलेले दगड. मनसरला विटांच्या वर छत आणि बाजूला वास्तू मूळची कशी दिसत असेल याचे रेखाचित्र. नगरधनला शेतांच्या कडेने खालचे शहर दाखवणारा नकाशा. पैसा लागतो, पण एखाद्या उड्डाणपुलाच्या तुलनेत तो किरकोळ आहे. ऑस्ट्रियन आणि जर्मन संस्था पैसा ओततात म्हणून एजियन किनारा झळाळतो, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे लागेल की मनसर, नगरधन, पवनी इथले खणण्याचे अवघड आणि खर्चाचे काम आपल्याच संस्थांनी केलेले आहे. शेवटचा आणि सर्वांत स्वस्त टप्पा तेवढा रखडला.

गर्दी आली की अवशेष खराब होतील, ही भीतीही रास्त आहे. विटांना पाऊस खातो, त्यावर चालणारे पाय खातात, आणि विदर्भातला पावसाळा काही कमी नाही. उघडे ठेवण्यापेक्षा काही भाग पुन्हा मातीखाली झाकणे शास्त्राला धरूनच असते. पण न पाहिलेली जागा सुरक्षित राहते, हा समज मोडायला बुलढाणा जिल्ह्यातले भोन पुरेसे आहे. पूर्णा नदीच्या काठच्या या गावी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप सापडला. ती जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. भोनला प्रवासी नव्हते, वर्दळ नव्हती, तिकीटघर नव्हते. म्हणूनच तिथल्या स्तूपासाठी मोजक्या अभ्यासकांखेरीज आवाज उठवणारे फारसे कुणी नव्हते. लोकांना जागा माहीत असेल तरच ते तिच्यासाठी भांडतात. पेर्गामोनची वेदी बर्लिनला गेली, मिलेटसचे बाजारद्वारही तिथेच आहे, आणि ती परत द्यावी म्हणून तुर्कस्तानातले लोक आजही बोलतात. मनसरचा शिव दिल्लीला आहे. त्याची एक चांगली प्रतिकृती टेकडीच्या पायथ्याशी असावी, अशी मागणी नागपुरातून का होऊ नये?

सुरुवात सरकारची वाट न पाहता करता येते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, १८६३चे आहे. वुड एफेससला खणायला लागला त्याच वर्षीचे. तिथे विदर्भाच्या उत्खननांतल्या वस्तू आधी बघाव्यात, मग एक दिवस जुनापाणी, मनसर, नगरधन, रामटेक या क्रमाने, आणि दुसऱ्या दिवशी पवनी. शाळांनी सहलीचा हा मार्ग ठरवावा, नागपूरच्या पर्यटन कंपन्यांनी गाइडसह दोन दिवसांची सहल आखावी, रामटेक-मनसरच्या तरुणांना ताम्रपट आणि ठशांची गोष्ट सांगण्याचे प्रशिक्षण विद्यापीठाने द्यावे. तुर्कस्तानच्या सहली आज ना उद्या पुन्हा सुरू होतील. एजियन किनारा बघावा असाच आहे, जरूर जा. पण पुढच्या वेळी रामटेकला निघालात तर मनसरच्या फाट्यावर गाडी थांबवा, टेकडी चढा, आणि तिथे काय सापडले हे सांगणारा फलक नसेल तर तो का नाही, हे पुरातत्त्व खात्याला पत्राने विचारा.